बाबुरावांचं गाऱ्हाणं

बाबुराव बोलायला लागले की नायगावच्या आमच्या चाळीचा अख्खा मजला गप्प व्हायचा. माणूस सिंधुदुर्गातला, मिलमध्ये जन्म गेलेला, एरवी तोंडातून शब्द निघेल तर शपथ! पण गणपतीत किंवा घरात काही शुभ असलं की देवासमोर उभे राहून मालवणीत गाऱ्हाणं घालायचे. म्हणजे देवाला खणखणीत आवाजात सगळं सांगायचं, मागायचं, आणि दर वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आमची खोली त्यांच्या खोलीला लागूनच. आम्ही बौद्ध, घरात बुद्ध आणि बाबासाहेब, देवाबिवाचं काही नाही. पण माझे मिस्टर गौतम भिंतीपलीकडचं ते गाऱ्हाणं ऐकतच लहानाचे मोठे झाले.

पुढे चाळ पाडली, टॉवर उभा राहिला. घरांच्या लॉटरीत बाबुराव एका विंगमध्ये, आम्ही दुसऱ्या. त्यात त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. बोलणं परत आलं, पण वाक्य अर्ध्यातच सुटायचं. त्यांच्या नव्या घराच्या घरभरणीचा दिवस ठरला आणि म्हातारा हट्टाला पेटला: गाऱ्हाणं मीच घालणार, नाहीतर ह्या घरात जेवणार नाही. मुलगा हितेंद्र इथेच वाढलेला, त्याला मालवणी कळते, पण बोलायला गेला की बोंब. तो आमच्याकडे आला. काका, तुम्हाला पाठ आहे, बाबा अडकले तर पुढचं सांगाल का, म्हणून ह्यांना विचारायला लागला.

मी उखडलेच. अख्ख्या सिंधुदुर्गात एक माणूस मिळेना होय रे तुला? आमच्या माणसाने देवापुढे हात जोडायचे? बावीस प्रतिज्ञा काय टाइमपास म्हणून घेतल्यात आम्ही?

हे मात्र शांत. म्हणाले, "हात नाही जोडणार. बाबुरावांकडे तोंड करून बसेन. मी देवाला सांगत नाही, बाबुरावांना सांगतोय."

घरभरणीला हे खरंच बाबुरावांसमोर खुर्ची टाकून बसले. दोन-तीन पाहुणे कुजबुजले, तसे मी डोळे वटारले. बाबुरावांनी "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरुवात केली आणि लगेच अडकले. ह्यांनी हळूच पुढचा शब्द दिला, म्हाताऱ्याने तो उचलला. पुन्हा अडकले, पुन्हा दिला. असं करत करत गाडी पुढे सरकली. लेकरांनी जा काय केला, ता गोड मानून घे, इथवर आले तोवर सगळं घर जोरात "व्हय म्हाराजा" म्हणत होतं. माझा राग कुठे गेला, मलाच कळलं नाही.

गाऱ्हाणं संपलं तसे हे उठायला लागले. बाबुरावांनी त्यांचा हात घट्ट धरला आणि देव्हाऱ्याकडे बघून, शब्द शोधत शोधत म्हणाले, "हो माझो शेजारी. तुका मानणा नाय. तरी ह्येका सुखी ठेव रे म्हाराजा."

सगळं घर ह्यांच्याकडे बघायला लागलं.

"हे मी नाही हां सांगितलं," हे सगळ्यांना म्हणाले, आणि उठायचं सोडून पुन्हा खुर्चीत बसले. मला तर रडूच फुटलं.