एका मिनिटाचा धवला

नावडे गावात पुतळाबाईंना सगळे धवलारीण म्हणूनच ओळखत. आगरी लग्नात हळदीपासून वरात निघेपर्यंत बायका जी गाणी म्हणतात ते धवले. पुतळाबाई एक ओळ म्हणायच्या, शेजारी बसलेली सखू ती उचलून पुढची म्हणायची. गावातल्या दोन पिढ्यांची लग्नं दोघींच्या गळ्यावर लागली. पुतळाबाईंना मूलबाळ नव्हतं, नवरा तरुणपणीच गेलेला. रोजचं बोलणं, भांडण, दुपारचा चहा, सगळं सखूबरोबरच. करोनात सखू गेली. नंतरही बोलावणी येत राहिली, पण एकटीनं धवला ओढताना दम लागायचा, आणि डीजेवाल्याला तेवढा वेळ थांबायचं नसायचं. हळूहळू बोलावणी कमी झाली.

त्यांच्या भावाची नात जागृती ऐरोलीला एका कंपनीत मोबाइलसाठी व्हिडिओ बनवायची. साबणाचे, क्लासेसचे, विम्याचे. एकदा रविवारी आली तेव्हा म्हणाली की आजी, तुझा धवला शूट करते, सगळीकडे पोचेल. पुतळाबाईंना सगळीकडे पोचण्याचं फारसं काही नव्हतं. पोर दिवसभर घरात थांबेल, एवढ्यावर त्या तयार झाल्या. ठेवणीतलं लुगडं नेसल्या, चटई अंथरली आणि सवयीनं सखूची जागा सोडून एका कडेला बसल्या. जागृतीनं फोन उभा लावला, बघितलं आणि त्यांना मधे सरकायला सांगितलं. उभ्या फोनमध्ये एकच माणूस नीट मावतं, म्हणाली.

तिला तिचं काम येत होतं. खिडकीचा उजेड तोंडावर घेतला, फोन जवळ आणला. तळहाताएवढ्या पडद्यावर लांबचं माणूस दिसत नाही, चेहराच मोठा हवा. पुतळाबाईंनी धवला सुरू केला. तो देवांपासून सुरू होतो. गावदेवी, खाडीचा देव, घराण्याचे पूर्वज, एकेकाला नाव घेऊन मांडवात बोलवायचं, मग नवरीला हळद. जागृतीनं थोडं ऐकलं आणि हात वर केला.

"आजी, डायरेक्ट हळदीपासून घे ना. फोनवर लोक थांबत नाहीत गं. लगेच पुढे जातात."

"देव नाय बोलवले तं हलद कोनापुढं लावायची?"

नंतर सगळं म्हणू, आज एवढंच, असं जागृतीनं समजावलं. पुतळाबाई हळदीपासून म्हणाल्या. जागृतीनं मधल्या थांबण्याच्या जागा कापून काढल्या, एक मिनिट ठेवलं, आणि बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात म्हणून शब्द मोठ्या अक्षरांत वर घातले; खाली टाकले असते तर बटणांमागे गेले असते.

व्हिडिओ चालला. उरण, पनवेल, भिवंडीपर्यंत लोकांनी तो पाहिला, एकमेकांना पाठवला. गल्लीतल्या बायका आपापले फोन घेऊन दाखवायला आल्या. पुतळाबाई स्वतःचं एवढं मोठं तोंड बघून लाजल्या. त्या आठवड्यात घरात माणसं होती.

मग शेजारच्या अंकुशच्या मुलीचं, भाविकाचं लग्न ठरलं. अंकुशची आई मांडवात बसली होती तीही पुतळाबाईंच्याच धवल्यानं. हळदीच्या दिवशी त्या सकाळीच तयार होऊन ओट्यावर बसल्या. धवलारणीला बोलवायला घरातलं कुणीतरी नारळ घेऊन येतं. ऊन ओट्यावरून उतरलं तरी कुणी आलं नाही. आणि मांडवातून धवला ऐकू आला. आवाज त्यांचाच होता.

त्या उठून मांडवात गेल्या. लग्नाचं आमंत्रण तर होतंच. कुणीतरी फोन स्पीकरला लावला होता. बायका भाविकाला हळद लावत होत्या, आणि धवला संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होता. भाविकानं पिवळ्या हातांनी त्यांच्या पाया पडून म्हटलं, "आजी, तुमालाच लावलंय बघा." ती मनापासून म्हणाली होती. पोरींनी त्यांच्याबरोबर फोटो काढले. अंकुशनं त्यांना खुर्ची दिली, जेवूनच जा म्हणाला. तुमी म्हणता का, असं कुणी विचारलं नाही. त्या जेवल्या आणि घरी आल्या.

जागृतीला हे कळलं तेव्हा ती व्हिडिओ काढून टाकते म्हणाली. पुतळाबाईंनी नको म्हटलं. पोरींना आवडलाय, राहू दे. पण पुढच्या खेपेला आली तेव्हा त्यांनी सांगितलं, "आता पुरा घे. देवांपासून."

"पुरा कुणी बघणार नाही, आजी."

"नको बघू दे."

पुरा धवला घ्यायला सबंध दुपार गेली. या वेळी पुतळाबाई कडेलाच बसल्या आणि जागृतीनं फोन आडवा धरला. प्रत्येक ओळीनंतर त्या थांबत, सखूची ओळ मनात म्हणत, मग पुढे जात. जागृती नंतर जोडायला बसली तेव्हा तिचं बोट त्या रिकाम्या जागा कापायला आपोआप गेलं. पुतळाबाई बाजूला बसून बघत होत्या. "ती तिची जागा हाय," त्या म्हणाल्या. जागृतीनं एकही कापली नाही.

व्हिडिओ फार कुणी पाहिला नाही. बहुतेकांनी सुरुवातीलाच सोडून दिला, हे जागृतीला तिच्या फोनवर दिसत होतं. आजीला तिनं सांगितलं नाही. उरणकडच्या एका बाईनं मात्र व्हिडिओखाली विचारलं होतं: तुम्ही घेतलेलं तिसऱ्या देवाचं नाव माझी आई घ्यायची, तो कुठला देव?

पुतळाबाईंनी उत्तर सांगितलं, जागृतीनं टाइप केलं. देव कुठल्या बांधावर होता, कारखाने आले तेव्हा त्याला कुठं हलवलं, सखूच्या माहेरी त्याला काय म्हणत, तुझ्या आईचं गाव कोणतं. बरंच लांबलं. मधेच आठवून त्यांनी आणखी दोन गोष्टी घालायला लावल्या. मग जागृती ऐरोलीला गेली, आणि पुतळाबाई तिला रोज फोन करून विचारू लागल्या की त्या बाईचं काय आलं का.

शेवटी एक दिवस जागृतीनं सांगितलं की आलंय, तिनं लाल बदाम टाकलाय.

"म्हंजी ती येनार हाय?" पुतळाबाईंनी विचारलं.

"नाही, आजी. म्हणजे तिनं वाचलं."

"बरं," पुतळाबाई म्हणाल्या, आणि जेवलीस का म्हणून विचारलं.