गृहप्रवेशाची गाय

गाईच्या पायांना हात लावून तो हात डोळ्यांना लावणारी माणसं मला रोज भेटतात. काचीगुड्याच्या आमच्या गल्लीतून सकाळी स्टेशनकडे निघालेला माणूस गोठ्याच्या फाटकाशी थांबतो, गाडी बंद न करताच वाकतो, नमस्कार करतो आणि जातो. कुणी केळं देतं, कुणी कालची पोळी. पण त्या पायाखाली काय आहे, हे बघायला इतक्या वर्षांत एकही माणूस खाली बसलेला नाही. माझ्या रागाचं मूळ तिथं आहे. हा राग निवेल असं वाटत नाही, आणि निवावा अशी माझी इच्छाही नाही.

गोठा सासऱ्यांनी घातलेला. मराठवाड्यातली शेती भावांवर सोपवून ते हैदराबादला आले ते दोन गाई घेऊनच. ते गेल्यावर दूध घरोघरी पोचवायचं काम माझ्या दिराकडे, भाऊजींकडे, आलं आणि गोठा माझ्याकडे. आमचे हे बँकेत होते, आता घरी असतात आणि मला सल्ले देतात.

गाई सांभाळायच्या म्हणजे चारा आणि धार, असं लोकांना वाटतं. मी म्हणते, आधी खूर. शेतातल्या गाईचं खूर चालून चालून झिजतं. आमच्या शहरातल्या गाई उभ्या असतात सिमेंटवर, आणि लक्ष दिलं नाही तर शेणामुतात. खूर वाढतं, मोजडीसारखं टोक वर वळतं, सगळा भार टाचेवर येतो. ओल्यात राहून तळवा मऊ पडतो, त्यात खडा घुसतो आणि आतल्या आत सडतं. दूध कमी झालं की मग घरच्यांना जाग येते. म्हणून मी बेगम बाजारातून मोरचूद आणते, ते पाण्यात कालवून त्या निळ्या पाण्यातून गाई चालवते. पावसाळ्याआधी आणि नंतर वाढलेली खुरं साळून, तासून घेते. खाली रबराच्या चटया टाकल्यात, आणि चटयांवर शेण दिसलं की माझं तोंड सुरू होतं. ह्यांनी एकदा विचारलं, "माझ्या टाचांच्या भेगा कधी बघितल्यास का गं? मी गाय व्हायला हवं होतं." मी म्हटलं, "व्हा की. दूध देणार असाल तर साळते तुमचीपण."

आता त्या गृहप्रवेशाबद्दल. आमच्या लोकांत वास्तुशांत असते. होम, ब्राह्मणभोजन, झालं. नव्या घरात आधी गाय-वासरू फिरवायचं, ही इथली तेलुगू लोकांची रीत. त्यांची घरं बैठी होती, अंगणं मातीची होती, गाय दारातलीच होती. त्या रीतीला मी नावं ठेवत नाही. पण आता घर म्हणजे कुकटपल्लीतला उंचावरचा फ्लॅट, खाली आरशासारख्या टाइल्स, आणि गाय भाड्याची. शेजाऱ्यांनी आणली म्हणून आपल्या मराठी घरांनीही आणायला सुरुवात केली. भाऊजींनी हे बरोबर हेरलं. दोन-तीन पंतुलूंकडे, म्हणजे इथल्या तेलुगू पुरोहितांकडे, स्वतःचा नंबर देऊन ठेवला. पांढरी शुभ्र, शांत, पाठीशी वासरू असलेली गाय आमच्याकडे होती. फोटोत तर ती फारच सुरेख दिसायची. मुहूर्त निघाला की पांढरी टेम्पोत चढायची.

त्या आठवड्यात पांढरी मागचा उजवा पाय सारखा उचलून ठेवत होती. लंगडत नव्हती. उभ्या उभ्या भार डाव्या पायावर घ्यायची, एवढंच. मी पाय धुऊन पाहिला तर दुभंगलेल्या खुराच्या बाहेरच्या नखाच्या तळव्यावर लालसर डाग होता. मुका मार लागल्यावर माणसाच्या नखाखाली पडतो तसा. मी भाऊजींना स्पष्ट सांगितलं, ही कुठं जाणार नाही.

"वहिनी, अर्ध्या तासाचं काम आहे," भाऊजी म्हणाले. "लोकांना जबान दिलीय. तुमच्यासारखं एकेक खूर बघत बसलो तर हो गया धंदा!"

"तुमच्या अंगठ्याला ठेच लागली होती तेव्हा आठवडाभर दूध कुणी पोचवलं?"

"तुम्ही पण ना वहिनी, कुठली गोष्ट कुठं नेता!"

भाऊजींनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, जाऊ दे, पुण्याचं काम आहे. बसल्या जागेवरून पुण्य करायला काय जातंय! शेवटी मी म्हटलं, मग मीपण येते. गोणपाटांचा गठ्ठा टेम्पोत टाकला आणि पांढरीच्या शेजारी उभी राहून गेले.

घर मराठीच निघालं. नवरा-बायको दोघं आयटीतली, सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. मी आधी वर जाऊन जमीन पाहिली. दारापासून देवघरापर्यंत पांढऱ्या टाइल्स, इतक्या गुळगुळीत की माझंच तोंड मला दिसत होतं. मी गोणपाट पसरायला घेतलं तशी सूनबाई धावत आली.

"आंटी, ये बोरे नक्को प्लीज! व्हिडिओवाला आलाय. नवीन घर आहे, फोटोत कसं दिसेल?"

"गाय घसरून पडली तर कसं दिसेल?"

"पडत नाही हो. वरच्या फ्लोअरवाल्यांकडे आली होती ना, छान चालली."

मी सासूबाईंकडे वळले. शिकलेल्या बाई, वयानं मोठ्या, ऐकतील असं वाटलं. त्यांनी स्वतःच्या पायातल्या रबरी सपाता सावरल्या आणि गोड हसून म्हणाल्या, "गोमाता आहे ती, तिला कोण पाडणार?" स्वतःला मात्र त्या जमिनीवर सपातांशिवाय पाऊल टाकायची हिंमत नव्हती.

तेवढ्यात सामानाच्या लिफ्टमधून भाऊजी पांढरीला आणि वासराला घेऊन आले. पांढरीची खुरं चकाकत होती. खाली पार्किंगमध्ये भाऊजींनी चारही खुरांना खोबरेल तेल चोळलं होतं. सासरे पोळ्याला बैलांच्या खुरांना तेल लावायचे, ते भाऊजींनी लहानपणी पाहिलेलं. बैल तेल लावून मातीत चालायचे, दहा पावलांत तेल मातीला लागायचं. भाऊजींनी बापाची रीत उचलली ती नेमकी टाइल्सवर आणून ठेवली. मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी उंबऱ्यावर पांढरीच्या पायांवर दूध-पाणी ओतलं, हळदीकुंकू वाहिलं. खाली टाइल्स, वर तेल, मध्ये दूध. पाय धुऊन तीर्थ पितात तशी त्यांनी ओंजळ तोंडाला लावली, आणि पंतुलू म्हणाले, "रंडी अम्मा, रंडी," म्हणजे या, आत या.

मी भाऊजींच्या हातातलं दावं धरलं. "थांबा," म्हटलं. भाऊजींनी ते सोडवून घेतलं. "वहिनी, तमाशा नको."

पांढरीनं पुढचे दोन पाय आत ठेवले. मग मागचा डावा. मग उजवा, आणि तो ठेवताच तिनं दुखऱ्या पायावरचा भार झटकन काढला. मागचे दोन्ही पाय दोन बाजूंना फाकत गेले आणि ती पोटावर आदळली. तिनं आवाज काढला नाही. वासरू मात्र हंबरलं. डोळे पांढरे करून ती पुढच्या पायांनी टाइल्स खरवडत होती आणि पुढं सरकत नव्हती. आणि तिथंच, त्या चकाकत्या जमिनीवर, तिनं शेण टाकलं, मूत सोडलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

खरंच वाजवल्या. नव्या घरात गाईनं शेण टाकलं, गोमूत्र सोडलं, याहून शुभ शकुन नाही म्हणे! सूनबाई "हो गया, हो गया!" म्हणत नवऱ्याच्या गळ्यात पडली. सासूबाईंनी हात जोडले. मी ओरडत होते, तिला उठवा, कुणीतरी कापड आणा, पण मोबाइलवर सनई लावलेली, घंटा वाजतेय, माझं कोण ऐकतंय! कॅमेरावाला मला म्हणाला, "अम्मा, जरा बाजू होव." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याचा कॅमेरा हातानं खाली दाबला, गोणपाटं ओढून आणली, दिवाणावरची नवीकोरी गादी खेचली आणि पांढरीच्या मागच्या पायांखाली कोंबली. सूनबाई किंचाळली तेव्हा कुठं सगळ्यांच्या लक्षात आलं की काहीतरी बिघडलंय. गाय पडली तेव्हा नाही, गादी मळली तेव्हा.

पाय पुन्हा फाकू नयेत म्हणून मागचे दोन्ही पाय पदराच्या चिंधीनं एकमेकांशी सैल बांधले आणि चार माणसांनी मिळून तिला उभं केलं. ती तीन पायांवर लिफ्टपर्यंत गेली. भाऊजी घामानं निथळत होते. माझ्या साडीचा पदर फाटला होता आणि पंतुलू पुढचे मंत्र म्हणत होते.

घरी आल्यावर ती बसली ती उठेना. डॉक्टरांनी पाहिलं, म्हणाले, मांड्यांच्या स्नायूंना हिसका बसलाय आणि तळवा आधीच दुखावलेला होता तो फाटलाय. एवढं वजन एकाच कुशीवर राहिलं तर खालचा पाय मरून जाईल. स्वतःहून उठली तर वाचेल, नाही तर काही खरं नाही. ते गेल्यावर भाऊजी हळूच म्हणाले, "गोशाळेत देऊन टाकू का?" म्हणजे डोळ्यांआड मरू दे. गाय मारून जोडा दान करायची ही जुनीच तऱ्हा. मी भाऊजींना वाळू आणायला पाठवलं आणि म्हटलं, वाळूशिवाय परत आलात तर तुम्हाला तिच्या जागी बांधीन.

सिमेंटवर वाळूची जाड गादी केली. तिला वळवून वळवून दोन्ही कुशींवर निजवत राहिलो. शेक दिला, चाऱ्यापाण्याचं घमेलं तोंडाशी नेलं. डॉक्टरांनी जखमी नख साफ करून शेजारच्या चांगल्या नखाखाली लाकडाचा ठोकळा चिकटवला, म्हणजे भार त्याच्यावर पडावा आणि दुखरं नख अधांतरी राहावं. भाऊजी खाली मान घालून सगळं करत होते. मला त्यांची दया आली नाही. एका सकाळी मी चारा घेऊन गेले तर पांढरी उभी होती, थरथरत, वासराला चाटत. मी तिथंच वाळूत बसून रडले. आनंदानं म्हणावं तर तसंही नाही. तिचं दूध आटलं होतं, आणि तो पाय ती अधांतरीच धरून होती.

महिने गेले, ठोकळा निघाला, जखम भरता भरता पुन्हा उकलायची. फाटकाला मी कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला. या गोठ्यातली गाय कुणाच्या घरी जाणार नाही, हे भाऊजींना सांगून टाकलं. भाऊजींनी मान डोलावली, आणि गेल्या महिन्यात त्याच सूनबाईला गोठ्यात घेऊन आले.

तिच्या बहिणीनं त्याच इमारतीत फ्लॅट घेतला होता. गादीबद्दल ती चकार शब्द बोलली नाही, मनानं वाईट नसावी. मिठाईचा डबा माझ्या हातात दिला. "आंटी, तुमची गाय आम्हाला इतकी लकी ठरली ना! माझ्या सिस्टरला तीच पाहिजे, दुसरी नक्को." मग तिनं पांढरीला ओळखलं, पुढं आली, वाकून तिच्या पायांना हात लावला आणि तो डोळ्यांना लावला.

मी म्हटलं, "बस खाली."

ती गोंधळली, पण बसली. मी पांढरीचा मागचा उजवा पाय उचलला, वळवला आणि तळवा तिच्यासमोर धरला. ती बघत राहिली. नखाच्या मधोमध ओलं लाल भोक होतं, कडा काळ्या पडलेल्या.

"बाप रे! हे कशानं झालं आंटी?"

तिला खरंच ठाऊक नव्हतं. तिच्या व्हिडिओत एवढंच राहिलं होतं की गाय आली आणि शुभ झालं.

"तुझ्या घरात पाऊल टाकल्यानं."

ती माझ्याकडे, मग भाऊजींकडे बघायला लागली. भाऊजी गव्हाणीतला चारा उगाच सारखा करत होते. "पण त्या दिवशी तर," ती अडखळत म्हणाली, "तिनं शेण टाकलं होतं ना? खूश होती म्हणूनच ना?"

"भिऊन टाकलं होतं," मी म्हटलं.

मी पाय सोडला. पांढरीनं तो हळूहळू खाली आणला, वाळूला लावला, आणि पुन्हा वर उचलून धरला.