सातव्या विहिरीचा नमुना

आमची वार्सिती तेलछावणीच्या प्रयोगशाळेत, तिचा नवरा जुमादी खोदाईवर आणि मी तिथली स्वयंपाकीण. ब्लोरा गावाभोवतीच्या सागाच्या रानात दुसरं काम कुठे होतं हो? एकेक तेलविहीर आटत गेली तशी माणसं पांगली. साहेबांनी बजावलंच होतं, सातव्या विहिरीला तेल लागलं नाही तर छावणीला कुलूप.

सातवीतून वर आलेला चिखल तेलाने चकाकत होता. पण खोदताना आत जो चिखल सोडतात त्यात डिझेल असतंच. ही चकाकी डिझेलची की जमिनीच्या पोटातल्या तेलाची, ते नाकाला कळत नाही, वार्सितीच्या यंत्राला कळतं. कागदावर उंचसखल रेषा उमटतात. डिझेलच्या मध्येच संपतात, खऱ्या तेलाच्या लांब जातात, कारण त्यात जड मेण असतं.

रेषा लांब गेल्या! जुमादीने मला उचलायचंच काय ते बाकी ठेवलं.

वार्सिती मात्र हसेना. तिने पहिल्या विहिरीचा कागद शेजारी ठेवला. लांब गेलेली रेघन् रेघ तीच.

"अहो, सातवी केवढी खोल गेलीय, खडकही वेगळा. मग तेल तेच कसं?"

जुमादीचा चेहरा खर्रकन उतरला. "सलामतानचं, नव्या विहिरीच्या बरकतीचं जेवण झाल्यावर पहिल्या विहिरीचं डबाभर तेल आत ओतलं. थोरल्या विहिरीने धाकटीला घोटभर पाजायचं असतं. आमचे बाबाही ओतायचे."

"मेल्या, मग आधी बोलला का नाहीस?" मी ओरडले.

"नेहमीचंच ते, मावशी. त्यात काय सांगायचं?"

सगळा चिखल बदलून नवा नमुना घेतला. रेषा मध्येच संपल्या. नुसतं डिझेल.

जुमादीने बायकोचे हात धरले. "सातवीचा आधीचाच कागद साहेबांना दे ना गं. कोणाला कळतंय? पोरांच्या शाळेचं काय, आईच्या औषधाचं काय?"

"कळेल. पंप बसवतील, माणसं बोलावतील, आणि वर काय येणार, चिखल? मग दुसऱ्या छावणीत आपल्याला दारात तरी उभं करतील का?" तिने हात सोडवून घेतले. "मला काय हौस आलीय का हो?"

बाहेर सगळे ताटकळले होते. आता ही बिचारी शिव्या खाणार, असं मला वाटलं. पण जुमादीने तिच्या हातून कागद घेतला आणि पायरीवर जाऊन म्हणाला, "तेल नाही. आधी दिसलं ते मीच ओतलेलं होतं."

मागून कोणीतरी विचारलं, "मग उद्या कामावर यायचं ना?"

जुमादीने कागदाची घडी घातली आणि तो साहेबांना द्यायला निघाला.