आईचं 'व्हय' मशीनला कळेना

मंडळी, आज दुपारपासून कशात मन लागत नाहीये, म्हणून लिहितेय.

आईच्या गुडघ्यासाठी हाडांच्या दवाखान्यात नंबर लावायचा होता. पूर्वी तिथल्या सिस्टर फोन उचलायच्या, आता मशीन बोलतं. आई राधानगरीकडची, आवाज खणखणीत. म्हणाली, "मीच लावतो की फोन. मला काय बोलाय येत न्हाय व्हय?"

मशीननं विचारलं, "आपण याआधी इथे आला आहात का? हो किंवा नाही म्हणा."

"व्हय."

"क्षमस्व, उत्तर समजले नाही."

"व्हय की! तीनदा येऊन गेलोय!" आई ओरडली. फोन कट.

दुसऱ्यांदाही तेच. शेवटी मीच वैतागून म्हटलं, "आई, व्हय नको म्हणूस. हो म्हण. नीट बोल." मी शाळेत मराठी शिकवते. वर्गात हे 'नीट बोल' माझ्या तोंडात रोज असतं.

तिसऱ्यांदा आईनं डोक्यावर पदर घेतला आणि परक्या, बारीक आवाजात म्हणाली, "हो." लगेच उद्याचा नंबर मिळाला. मला हायसं वाटलं.

दुपारी मी विचारलं, "आई, चहा टाकू?"

एरवी गल्लीला ऐकू जाईल असं "व्हय, टाक की" येतं. आज माझ्याकडे बघून ती हळूच म्हणाली, "हो."

तुमच्या घरात अजून कुणी 'व्हय' म्हणतं का? म्हणत असेल, तर त्यांना नीट बोलायला शिकवू नका. ती माणसं लगेच शिकतात.