थंड साच्यातली बुशं

ही गोष्ट मी इतकी वर्षं बायकोलाही सांगितली नाही. कारखान्याचा विषय निघाला की नायलॉनवर व्याख्यान सुरू करायचो. मग कुणी पुढचं विचारत नसे.

सोलापुरात यंत्रमागांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात मी उत्पादन सांभाळायचो. साच्यातून निघालेली नायलॉनची बुशं, म्हणजे मागाच्या फिरत्या शाफ्टवर बसणारी नळीसारखी कडी, तासून तपासायला कुंभारीहून एक बाई यायच्या. पूर्वी विड्या वळायच्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. त्या भोकात गेज, म्हणजे मापाची दांडी, घालून पाहायच्या आणि मग बुश खिडकीकडे धरायच्या.

"हे दुधावानी दिसतंय, पक्कं हाय. ह्यातनं उजेड येतोय. हे कच्चं, साहेब."

मी आधी हसलो, मग चकित झालो. नायलॉन म्हणजे लांबच लांब साखळ्या. वितळल्यावर त्यांचा गुंता होतो. सावकाश निवल्या तर त्या घड्या घालत शेजारी शेजारी बसतात, स्फटिक बनतात, आणि वस्तू दुधी, टणक होते. साचा थंड असला तर गुंता तसाच गोठतो. पुढे ऊब मिळाली की राहिलेल्या घड्या पडू लागतात, वस्तू आक्रसते. हे शिकायला मला कॉलेज लागलं. अक्कांना खिडकी पुरली. तशी नजर मी पुन्हा कुणाकडे पाहिली नाही.

एकदा मोठी ऑर्डर आली. नग भराभर निघावेत म्हणून मी साच्यात थंड पाणी फिरवायला लावलं. दुपारी अक्का ओंजळभर बुशं घेऊन आल्या.

"सगळी कच्ची हाईत. ही अजून आवळणार बगा."

"गेज जातंय ना? मग भरा पेटीत."

"तुमी म्हणता म्हणून भरते. विडी असती तर कारखानदारानं तोंडावर फेकली असती की!"

सगळे हसले. मीही हसलो.

उन्हाळ्यात बुशं शाफ्टवर घट्ट आवळली, माग अडकले, पेट्या परत आल्या. मालकांनी कारण विचारलं. थंड पाण्याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. "तपासणीत चूक झाली," एवढंच म्हणालो. अक्का सांगत राहिल्या, "त्या दिवशी गेज जात हुतं." परत आलेल्या बुशात ते जात नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं काम गेलं. न बघता माल पास करणारी बाई, असं नाव मात्र मागे राहिलं.

निवृत्त झाल्यावर कुंभारीला त्यांच्या घरी गेलो. अक्कांनी खुर्ची पुसून दिली, शेजारणीला हाक मारून सांगितलं, "आमचे साहेब. लई शिकलेले हाईत." चहा झाला. मग हळूच विचारलं, "आता तरी साचा गरम ठेवतात का हो, साहेब?"

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं.

"ठेवतात," मी म्हणालो आणि उठलो. दारापर्यंत त्या सोडायला आल्या. जे म्हणायला गेलो होतो ते असं होतं: अक्का, तुमची तपासणी बरोबर होती. साचा मी थंड करायला लावला आणि खोटंही मीच बोललो. मला माफ करा.