जमनीचं उघडं तोंड

जमनीला अस्वलानं फाडलं ते १९६१ सालच्या चैत्रात. फुलसावंगीच्या वरच्या अंगाला तिचा तांडा. मोहाची फुलं वेचायला ती आणि तिचा नवरा धनसिंग उजाडता उजाडता रानात गेले होते. ती खाली वाकून वेचत होती, तेवढ्यात पिल्लू पाठीवर घेतलेली अस्वलाची मादी झुडपातून निघाली. पुढचं जमनीला एवढंच आठवे : कुबट वास आणि तोंडावरून वाहणारं गरम काहीतरी. उजवा डोळा गेला. गाल फाटला, वरचा ओठ चिरला, कानशिलावरचे केस कातड्यासकट निघाले.

खाटेवर घालून फुलसावंगीला, तिथून छकड्यात, मग मोटारीतून यवतमाळच्या दवाखान्यात. तीन महिन्यांनी ती तांड्यावर परत आली तेव्हा सव्वीस वर्षांची होती.

घरी तिनं पेटी उघडली. फेटियावर म्हणजे घागऱ्यावर, कांचळीवर म्हणजे चोळीवर तिनं स्वतः टाचलेली भिंगं होती, बोटभर बोटभर आरसे. आता त्यातलं एकही नव्हतं. नुसती टाक्यांची भोकं. सासू हंसाबाईनं सुईनं एकेक उसवून काढली होती.

"काहून काढली?"

"तुह्यासाठीच व पोरी. चालता-बोलता तोंड दिसलं असतं."

"तोंड माहं हाय न? मंग मले दिसलं तं तुमाले काय होते?" जमनीनं पेटीतले सगळे कपडे अंगणात फेकले. फाटक्या ओठातून शब्द नीट निघत नव्हते, त्यानं ती आणखी भडकली. "द्या माही भिंगं!"

हंसाबाईनं ती नदीला वाहून टाकली होती.

तिथून जमनीचा राग निवला म्हणून नाहीच. बाया यायच्या, "जीव वाचला हे काय कमी हाय" म्हणायच्या आणि बोलताना तिच्या खांद्याकडं बघायच्या. सगळ्यांचा एकच आग्रह, ओढणी पुढं घे, पोरं भितात. रात्री डोळा लागत नसे. मोहाचा वास आला की ती घरात शिरून दार लोटून घ्यायची. आंघोळ नको, वेणी नको. एकदा ती विहिरीच्या काठावर बराच वेळ बसून राहिली. मग मनात आलं, आपण गेलो तर ह्या सगळ्यांना सुटल्यासारखं होईल. त्या विचारानंच तिचं डोकं असं फिरलं की ती ताडकन उठली आणि घागर दणक्यात डोक्यावर घेऊन घरी आली.

धनसिंगवर मात्र तिला रागावताही येत नव्हतं. त्यानं तिला अस्वलाच्या तोंडातून सोडवलं होतं. कुऱ्हाडीनं घाव घातले, जनावर पळालं, असं तांडाभर बोललं जाई. दुसऱ्या तांड्यांचे लोकही त्याला बसवून घेऊन ऐकत. आणि हा वाघासारखा माणूस तिच्यासमोर बसून जेवत नसे. भाकर घेऊन ओट्यावर जाई, तोंड भिंतीकडं. रात्री पाठ करून निजे. जमनीनं मनाशी धरलं, ह्याला आपली किळस येते. ज्यानं जीव वाचवला त्याला काय बोलणार? मग ती भांडी आपटायची.

माघात दीर नेमसिंगच्या पोरीचं, बिजलीचं, लग्न निघालं. नवरी माहेर सोडताना रडत म्हणायचं गाणं म्हणजे ढावलो. ते नवरीला शिकवायला, तिच्या गळ्याला गळा लावून उचलून धरायला आजवर प्रत्येक लग्नात जमनीच लागे. ह्या वेळी हंसाबाई आदल्या दिवशीच म्हणाली, "तू आतच राह्य. एकच टोपली घालून बसशील मांडवात, बरं दिसते का?"

केसांच्या बटेला ओवून दोन्ही गालांवर लोंबणारी चांदीची टोपली, ही सवाष्णीची खूण. जमनीला उजवीकडं ती अडकवायला केसच नव्हते.

"माहा नवरा जित्ता हाय," जमनी म्हणाली.

"लोकायले कोण सांगनार?"

लग्नाच्या दिवशी ती झोपडीत बसली. कुडापलीकडं मांडव. पाहुणे धनसिंगला आग्रह करत होते, सांगा ना, किती घाव घातले? तो सांगायला लागला, अडखळला, थांबला. मग झोपडीचं दार लोटून आत आला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

जमनीनं ओढणी ओरबाडून फेकली. "इकडं पाहा! दहा महिने झाले. येवढी किळस येते तं सोडवलं कायले? खाऊ द्यायचं होतं!"

"म्या नाही सोडवलं," तो म्हणाला.

"काय?"

"म्या पळालतो. कुऱ्हाड हातात होती तरी पळालतो. खैराच्या मांग लपून पाहून राह्यलो होतो. ते आपल्या मनानं गेलं. तुह्या तोंडाकडं पाह्यलं का मले तेच दिसते, म्या पळताना."

 दहा महिने ती स्वतःच्याच तोंडावर चिडत आली होती. तोंडाला आंघोळीचं पाणी लागू देत नव्हती. आणि ज्यावर चिडायचं तो माणूस मिशा पिळत कौतुक ऐकत फिरत होता. तिनं त्याचं मनगट धरलं आणि ओढत मांडवात आणलं, उघड्या तोंडानं, एका टोपलीनं.

"सांगा आता यायले."

त्यानं सांगितलं. खाली बघत, पण सगळं सांगितलं. डफ थांबला. नेमसिंग काहीतरी सारवासारव करायला गेला, तर जमनी त्याच्यावर खेकसली, "तुमी चूप बसा!"

मग ती बायांमध्ये शिरली. हंसाबाईनं हात आडवा घातला, तो तिनं बाजूला सारला. बिजलीनंच उठून तिच्या गळ्याला मिठी मारली, उजव्या गालाला गाल लावून. जमनीनं ढावलो धरला. ओठातून वारा निसटत होता, अर्धे शब्द फुसकत होते. तरी कोणी उठलं नाही.

धनसिंगला तिनं सोडलं नाही, आणि माफही केलं नाही. दोन वर्षं त्याच्याशी कामापुरतं बोलली. तो मात्र तिच्यासमोर बसून जेवू लागला. ओढणी तिनं पुन्हा तोंडावर घेतली नाही. पोरांनी विचारलं तर बसवून नीट सांगायची, अस्वल कसं आलं, डोळा कसा गेला. मोठ्यांनी चुकचुक केली की शिवी द्यायची.

ढावलोसाठी दुसऱ्या तांड्यांचं बोलावणं येऊ लागलं. सहासष्ट साली उमरखेडकडच्या एका लग्नात नवरदेवाची आई हळूच म्हणाली, "बाई, तेवढं तोंड झाकून बसा." जमनी बसल्या जागेवरून उठली आणि थेट धनसिंगच्या छकड्यात जाऊन बसली. मागून नवरीच्या बाया धावत आल्या, हातापाया पडल्या. धनसिंगनं कासरा हातात धरून मागं वळून विचारलं, "काय करू?"

जमनी म्हणाली, "बैलं हाणा."