मागचा जिना

लेकीला शाळेसाठी इंग्लंडमधल्या जुन्या कंट्री हाउसचं, म्हणजे उमरावाच्या वाड्याचं, मॉडेल करायचं होतं. जोडीला वर्गमैत्रीण. काम चालायचं त्या मैत्रिणीच्या बुकित तिमाहच्या काँडोत, महागड्या वसाहतीतल्या ऐसपैस घरात, कारण आमच्या क्लेमेंटीच्या छोट्या फ्लॅटमध्ये तेवढं मोठं टेबल मावत नाही.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. मुली खांब चिकटवत होत्या तेव्हा मी नकाशा बघत बसले. पुढून सगळं तोलूनमापून: डावीकडे जेवढ्या खिडक्या तेवढ्याच उजवीकडे, मधोमध रुंद जिना. आणि भिंतीआड, तळघरातल्या स्वयंपाकघरापासून थेट माळ्यापर्यंत, दुसरा जिना, जेमतेम खांदे मावतील एवढा. त्याच्या दारांना भिंतीचाच कागद लावलेला, मिटलं की दार दिसेनासं होई. गरम पाणी वाहणारे, भांडी घासणारे तिथून ये-जा करायचे. घर त्यांच्या जिवावर चालणार, पण ते दिसता कामा नयेत. माझं डोकं फिरलं. मुलींना म्हटलं, हा जिना झालाच पाहिजे.

मैत्रिणीची आई पुण्याची. पुढून छान दिसलं की झालं, मागचं कोण बघतं, असं म्हणत तिनं मागे पुठ्ठा चिकटवला. मी कटर घेतला आणि तो सरळ कापून काढला. तिला राग आला. येऊ दे.

रविवारी मॉडेल न्यायला गेलो तर हॉलमध्ये पाहुणे. मैत्रिणीची आई हळूच म्हणाली, "ताई, किचनमधून मागच्या लिफ्टनं न्या ना. मंडळी बसलीत."

किचनचं दार धरून त्यांची घरकाम करणारी, तिथेच राहणारी हेल्पर उभी होती. शेजारीच तिची बिनखिडकीची खोली.

माझ्या वडिलांना गावात चहा मिळायचा तो परसदारी, कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या कानतुटक्या कपात. गाव सोडल्यावर त्यांनी आम्हाला एकच बजावलं: घसा कोरडा पडला तरी बेहत्तर, कुणाच्या मागच्या दारी उभं राहायचं नाही.

"आम्ही पुढूनच जाऊ," मी म्हटलं.

दोन बाजूंनी मॉडेल उचलून आम्ही मायलेकी हॉलमधून निघालो. उघडी बाजू नेमकी पाहुण्यांकडे. एका गृहस्थांनी विचारलं, हा चिंचोळा जिना कसला?

"फॉर द सर्व्हंट्स, अंकल," लेक इथल्या मुलांच्या ढंगात म्हणाली. "सो नोबडी सी देम, लाह."

आमचे हात गुंतलेले बघून हेल्परनं किचनचं दार सोडलं, सगळ्यांच्या देखत हॉलमधून चालत आली आणि आमच्यासाठी पुढचं दार उघडलं.